चासीला पुढून बसणाऱ्या रिकव्हरी पॉइंटच्या जोडीचे परीक्षण : काळ्या जमिनीच्या कसोटीवर

राळेगावपासून वणीपर्यंत वर्धा नदीच्या काठाने ज्यांची वावरे आहेत, त्यांना मृगाच्या पहिल्या दमदार पावसापासून पार दसऱ्यापर्यंत गाडी फसण्याचे काही नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की, फसलेली गाडी नेमकी कुठे बांधून ओढायची, याचा विचार आजही गाडी फसल्यानंतरच सुरू होतो. कोणी बंपरला दोर गुंडाळतो, कोणी ॲक्सलला साखळी घालतो, कोणी स्प्रिंगच्या कडीतच हुक अडकवतो, आणि गाडी निघाली की तीच पद्धत बरोबर होती असे ठरून जाते. आमच्या जुन्या, लांब चासीच्या डिझेल जीपला पावसाळ्याआधी मी पुढच्या बाजूने बोल्टवर बसणारे दोन रिकव्हरी पॉइंट, म्हणजे फसलेली गाडी बांधून ओढण्याचे पोलादी हुक, लावून घेतले आणि त्याच विक्रेत्याकडून दोन शॅकल (आडव्या पिनने बंद होणाऱ्या, कमानीसारख्या पोलादी कड्या), एक ताणला जाणारा पट्टा आणि दोन्ही पॉइंटना मिळून जोडणारा ब्रायडल पट्टा असा संच घेतला. संपूर्ण खरीप हंगामभर पांदण रस्त्यांवर आणि ओल्या वावरांत हा संच वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच घडणीच्या जोड्या बाजारात निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या रंगांत विकल्या जातात, आणि त्या घेताना ज्या गोष्टी पाहायच्या त्या सगळीकडे सारख्याच आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो : पुढची जोडी घेण्यासारखी आहे, शॅकल उत्तम आहेत, पट्टा आमच्या वजनाच्या गाडीसाठी थोडा जड पडतो, आणि या संचाबरोबर आग्रहाने खपवला जाणारा, ट्रेलर जोडण्याचा मागचा गोळा कोणीही घेऊ नये.

या वस्तूची कसोटी समजण्यासाठी आधी आपल्या जमिनीचा विचार करावा लागतो. काळी भारी जमीन पाणी पिऊन फुगते, चाकाच्या नक्षीत भरून बसते आणि टायरचा नुसता गुळगुळीत गोळा करून टाकते. शिवाय चाक एकदा खाली गेले की भोवतीचा चिखल त्याला धरून ठेवतो. वाळूत किंवा मुरमात फसलेली गाडी आणि काळीत फसलेली गाडी यांना ओढायला लागणारे बळ म्हणूनच सारखे नसते. अमेरिकी सैन्याच्या वाहन-बचावाच्या पुस्तिकांत यासाठी एक साधा हिशेब दिलेला आहे : गाडी चाकापर्यंत रुतली असेल तर चिखलाचा विरोध साधारण गाडीच्या सामानासह वजनाइतका धरावा, आणि मडगार्डपर्यंत रुतली असेल तर त्याच्या दुप्पट धरावा. आमची जीप चार माणसे आणि खताची पोती घेऊन सव्वादोन टनांच्या आसपास जाते. म्हणजे मडगार्डपर्यंत गेलेल्या जीपला नुसते हळूहळू ओढून काढायचे म्हटले तरी चार-साडेचार टनांचा ताण पुढच्या हुकवर येऊ शकतो, आणि झटका देऊन ओढल्यास तो त्याहून वाढतो. ट्रॅक्टरवाल्याला हाक मारण्याआधी फावडे आणि टिकास घेऊन चाकांपुढची माती काढणे, पोटाखाली अडलेला उंचवटा मोकळा करणे आणि चाकाखाली पळाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) किंवा दगड घालणे यात अर्धा तास गेला तरी तो ताण निम्म्यावर येतो. या कामाचा कंटाळा करणाऱ्या माणसाला जगातला कोणताही हुक पुरा पडणार नाही.

आता खुद्द वस्तूकडे येतो. प्रत्येक पॉइंट म्हणजे जाड पोलादी पट्टीचा कापून घडवलेला, पावडर कोटिंग केलेला एक तुकडा आहे. तो चासीच्या पुढच्या टोकाला बाजूने टेकून दोन बोल्टने बसतो आणि त्याचे डोळ्यासारखे भोक बंपरच्या खालून किंचित पुढे येते. दोन बोल्ट असणे हा या घडणीतला सर्वांत महत्त्वाचा गुण मी मानतो, कारण एकाच बोल्टवर बसलेला हुक ताण थोडा तिरपा झाला की त्या बोल्टभोवती फिरू पाहतो आणि बोल्ट कापण्याऐवजी पिळून काढतो. कारखान्यातून गाडीबरोबर आलेली, खालच्या बाजूला लोंबणारी बारीक सळईची कडी ही बहुतेक वेळा गाडी ट्रकवर किंवा जहाजावर चढवल्यावर आवळून बांधण्यासाठी असते. तिला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढली की ती सरळ होऊन सुटते, हे आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजवाल्याने पाहिलेले असते आणि तरीही पहिला हात तिच्याकडेच जातो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५ टन' असे छापलेले होते. हाच आकडा मला सर्वांत जास्त खटकला, कारण पाच टन म्हणजे नेमके कसले, हे तिथे कुठेही सांगितलेले नव्हते. उचलण्या-ओढण्याच्या सामानावर दोन प्रकारचे आकडे असतात. एक असतो कार्यभार, म्हणजे रोजच्या वापरात निर्धास्तपणे देता येईल असा भार. दुसरा असतो तुटण्याचा भार. शॅकलवर कार्यभार कोरलेला असतो आणि चांगल्या शॅकलचा तुटण्याचा भार त्याच्या सहापट असतो. ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यावर मात्र तुटण्याचाच भार लिहिलेला असतो. त्यामुळे ४.७५ टन लिहिलेले शॅकल ८ टन लिहिलेल्या पट्ट्यापेक्षा कमकुवत दिसते, प्रत्यक्षात ते साडेअठ्ठावीस टनांपर्यंत टिकायला हवे आणि पट्टा त्याच्या कितीतरी आधी जायला हवा. दुकानात हे दोन आकडे एकाच फळीवर शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि गिऱ्हाईक मोठा आकडा पाहून वस्तू उचलतो.

मी विक्रेत्याला फोन केला तेव्हा पाच टन हा 'कमाल भार' असल्याचे उत्तर मिळाले, ज्यातून काहीच कळत नाही. लेखी विचारल्यावर उत्पादकाकडून आलेल्या उत्तरात पाच टन हा एका पॉइंटचा, सरळ रेषेत ओढतानाचा कार्यभार असल्याचे म्हटले होते. तोडून पाहिल्याच्या चाचणीचा कागद मात्र मागूनही आला नाही. कागद नसेल तर मी मोठा दावा बाजूला ठेवतो आणि तो आकडा तुटण्याचाच आहे असे धरून हिशेब करतो.

तो हिशेब असा. संचातला पट्टा ८ टनांना तुटतो. तो एकाच पॉइंटला बांधला आणि पॉइंट पाच टनांना जाणारा असेल, तर पट्टा तुटण्याच्या आधी लोखंड निघेल, आणि ताणलेल्या पट्ट्याच्या टोकाला अडकलेला लोखंडाचा तुकडा ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाच्या दिशेने जाईल. ओढण्याच्या साखळीत काहीतरी आधी तुटणारच असेल तर तो पट्टा असावा, धातू नसावा, हे या सगळ्या निवडीमागचे सूत्र आहे. ब्रायडल वापरून तोच ताण दोन पॉइंटमध्ये वाटला आणि ब्रायडलच्या दोन पायांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवला, तर प्रत्येक पॉइंटवर एकूण ताणाच्या साधारण ५८ टक्के येतात, म्हणजे पट्टा तुटण्याच्या क्षणीही सुमारे ४.६ टन. या जोडीचा सर्वांत वाईट अर्थ घेतला तरी ती अशा बांधणीत कशीबशी पास होते, आणि उत्पादकाचा अर्थ खरा असेल तर भरपूर शिल्लक राहते. म्हणूनच मी तिला जोडी म्हणून चांगली म्हणतो आणि एकेकट्या पॉइंटवरून झटका द्यायला नको म्हणतो.

कोनाची गंमत मात्र लक्षात ठेवायला हवी. ब्रायडल आखूड घेतला की दोन पायांमधला कोन वाढतो. तो ९० अंशांवर गेला तर प्रत्येक पॉइंटला ७१ टक्के ताण बसतो आणि १२० अंशांवर दोघांनाही पुरेपूर शंभर टक्के बसतो, म्हणजे वाटणी करून काहीच साधत नाही, उलट दोन्ही चासी-टोके एकमेकांकडे आत ओढली जातात. संचातला ब्रायडल तीन मीटरचा आहे. आमच्या जीपच्या दोन पॉइंटमधले अंतर पाहता मधोमध धरल्यावर त्याचा कोन साठ अंशांच्या आतच राहतो, त्यामुळे लांबीबद्दल तक्रार नाही.

बोल्टबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागात चांगला हुक नासतो तो इथेच. जोडीबरोबर १२ मिलिमीटरचे, डोक्यावर १०.९ असे कोरलेले बोल्ट आले. या आकड्यातला पहिला भाग पोलाद किती ताणाला तुटते ते सांगतो : १०.९ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन, ८.८ म्हणजे ८००, आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारे ४.६ चे बोल्ट म्हणजे ४००. कापले जाण्याची ताकद त्याच्या साधारण साठ टक्के धरली, तर १२ मिलिमीटरचा १०.९ चा एक बोल्ट पाच टनांच्या पुढे टिकतो आणि दोन मिळून दहा टन होतात, तेच ४.६ चे दोन बोल्ट मिळून जेमतेम चार टनांवर थांबतात. म्हणजे बसवताना एक बोल्ट हरवला, किंवा आटे खराब झाले म्हणून मिस्त्रीने डब्यातून त्याच मापाचा दुसरा काढून लावला, की पाच टनांचा पॉइंट मुकाट्याने चारच्या आसपास येतो आणि वरून पाहताना दोन्ही बोल्ट सारखेच चकाकतात. डोक्यावर कोणताही आकडा नसलेला बोल्ट या जागी बसवू देऊ नये.

आमच्या गाडीवर एका बाजूची भोके बरोबर जुळली, दुसऱ्या बाजूचे एक भोक दोन-तीन मिलिमीटर सरकलेले निघाले. जुन्या गाडीची चासी कुठेतरी ठोकर खाऊन किंचित वाकलेली असणे शक्य आहे, त्यामुळे दोष सगळा जोडीचा म्हणता येत नाही. मिस्त्रीने लगेच गॅस कटर पेटवायला घेतला होता. चासीच्या पोलादाला अशी उष्णता दिली की त्या जागेचे गुण बदलतात, आणि कटरने झालेले वेडेवाकडे भोक बोल्टला एकाच कडेवर टेकवते. तेव्हा कटर बंद करवून गोल कानशीने पट्टीतले भोक लांबवून घेतले. चासीला हात लावला नाही. याच कारणासाठी हुक थेट चासीला वेल्डिंग करून घेण्याचाही सल्ला मी देणार नाही. वेल्डिंग करणारा किती कुशल आहे हे शिवणीकडे पाहून ओळखणे आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला जमत नाही, आणि तिच्या कडेला मऊ किंवा ठिसूळ झालेले पोलाद तर कोणालाच दिसत नाही.

आणखी एक बारकावा माहितीपत्रकात होता आणि तो पाहून मला उत्पादकाबद्दल आदर वाटला. चासी पेटीसारखी पोकळ असेल आणि बोल्ट तिच्या आरपार जात असेल, तर आत पोलादी नळीचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच्या दोन्ही भिंती आत दबतात, बोल्ट कधी नीट आवळलाच जात नाही आणि थोड्या वापरानंतर सैल पडतो. या जोडीबरोबर योग्य मापाच्या चार नळ्या दिलेल्या होत्या. नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लेझरने पट्टी कापून असाच पॉइंट स्वस्तात करून घेणारे माझ्या ओळखीत आहेत. पट्टी ते तशीच करून घेतात, नळीचा विचार कोणी करत नाही. किंमत पाहता फरक या नळ्यांचा आणि बोल्टचाच आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

बसवून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर येईल अशी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मी ओढून ठेवली होती. बोल्ट जरा जरी फिरला तरी ती रेघ तुटते. हंगामात गाडी जोराने ओढावी लागली की नंतर धुऊन ही रेघ पाहायची, भोक लांबट झाले आहे का पाहायचे, आणि पट्टीच्या वळणावर रंगाला केसासारखी चीर गेली आहे का पाहायचे. पावडर कोटिंग पोलादाआधी तडकते, त्यामुळे ती चीर पहिली खूण ठरते. हंगाम संपला तेव्हा चारही रेघा अखंड होत्या. डाव्या पॉइंटच्या डोळ्याच्या आतल्या कडेवर शॅकलने कोटिंग घासून चमकदार पोलाद उघडे पाडले आहे आणि तिथे तांबूस गंज धरला आहे, एवढेच.

त्या घासण्याचे कारण शॅकलचे माप आहे. १९ मिलिमीटरच्या शॅकलची पिन २२ मिलिमीटर जाड असते आणि दोन कानांमधली फट सुमारे ३२ मिलिमीटर असते. पट्टी त्यापेक्षा बरीच बारीक असल्याने शॅकल भोकात डावी-उजवीकडे सरकत राहते आणि ताण आला की एका कानावर टेकून तिरपी होते. दोन्ही बाजूंना जाड वॉशर घालून फट भरून काढली की ती मधोमध राहते. संचात असे वॉशर द्यायला हवे होते. नायलॉनचे असतील तर आवाजही बंद होतो, कारण पांदणीवर रिकामी शॅकल लोंबकळत ठेवली तर तिची खडखड डोके उठवते. मी काम झाले की शॅकल काढून डिक्कीत टाकतो.

शॅकलबद्दल दुसरे काही वाईट बोलता येत नाही. कमानीवर कार्यभार, उत्पादकाची खूण आणि तुकडीचा क्रमांक हे सगळे ओतीव-ठोकीव अक्षरांत उठून आलेले आहे, चिकटवलेले नाही. पिन कमानीपेक्षा जाड आहे, आटे स्वच्छ आहेत. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेण्याची पद्धत ठेवली तर ताणानंतरही ती हाताने सुटते. एक मर्यादा मात्र सगळ्याच शॅकलना असते : ताण कमानीच्या सरळ रेषेत असावा. ४५ अंश तिरपा ओढला तर कार्यभार सत्तर टक्क्यांवर येतो आणि काटकोनात ओढला तर निम्म्यावर. पॉइंटची पट्टीही बाजूच्या ताणाला याहून जास्त दाद देत नाही, कारण ती जाडीच्या दिशेने वाकते. पांदण रस्त्यावर हे आपोआप सांभाळले जाते. दोन्ही बाजूंना धुरे आणि बाभळी असल्याने ट्रॅक्टर पुढे सरळच उभा राहतो. वावरातून रस्त्यावर चढताना गाडी फसली की मात्र ट्रॅक्टरवाला रस्ता सोडायला तयार नसतो आणि दोर आडवा पडतो. अशा वेळी त्याला वावरात उतरवता येत नसेल तर आधी जीपची चाके वळवून, खणून, तिचे तोंड फिरवून घेणे बरे.

ट्रॅक्टरच्या बाजूचा हिशेब तर आपल्याकडे कोणी मांडतच नाही. दोर ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधला पाहिजे. नांगर जोडायच्या वरच्या दांड्याच्या जागी किंवा सीटखालच्या एखाद्या सोयीच्या कडीला तो बांधला, तर ताण मागच्या ॲक्सलच्या वर येतो, पुढची चाके उचलली जातात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकावर उलटा पडू शकतो. जीपचा पॉइंट कितीही मजबूत असला तरी हा धोका त्याने कमी होत नाही. उलट जीपकडून काहीच सुटत नाही म्हणून तो वाढतो. आम्ही वापर केला तो बहुतांशी असाच : ड्रॉबारला शॅकल, ट्रॅक्टर पहिल्या कमी गिअरमध्ये, पट्टा हळूहळू ताणून मग सलग ओढ, आणि जीपमध्ये बसलेल्याने चाके जेमतेम फिरती ठेवायची. सोयाबीन काढणीच्या वेळी परतीच्या पावसात ट्रॉलीला वाट देताना जीप नाल्याकडेच्या खोलगट भागात डावीकडून मडगार्डपर्यंत गेली होती, तेव्हा या जोडीची खरी परीक्षा झाली. ब्रायडलचे दोन्ही पाय ताठ झाले, बंपर दोन बोटे पुढे आल्यासारखा दिसला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तो बंपर नव्हता, पुढच्या स्प्रिंगा ताणाने दबून गाडीचे नाकच खाली आले होते. जीप निघाली. पॉइंटच्या पट्टीला सुतळी लावून पाहिले तर ती आधीइतकीच सरळ होती.

पट्ट्याबद्दल मी जरा नाराज आहे. ताणला जाणारा पट्टा नायलॉनचा असतो आणि साधारण वीस टक्के लांबतो. त्या लांबण्यातच झटका मुरतो. तुटण्याचा भार दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या सामानासह वजनाच्या दोन ते तीन पट असावा, असा यासाठीचा प्रचलित दंडक आहे. सव्वादोन टनांच्या जीपला त्याप्रमाणे साडेचार ते पावणेसात टनांचा पट्टा हवा. ८ टनांचा पट्टा पुरेसा लांबत नाही आणि तेवढा झटका पॉइंटकडे पाठवतो. जिमनीसारख्या दीड टनाच्या गाडीला तर तो दोरखंडासारखाच वागेल. विक्रेत्याने गाडीचे वजन न विचारता सगळ्यांना एकच पट्टा द्यावा हे बरोबर नाही. त्यातही ज्यांच्याकडे नायलॉनच्या जागी ट्रॉलीची साखळी किंवा पोलादी तार आहे त्यांनी झटका देण्याचा विचारच करू नये; त्यांच्यात लवचीकता नसते, आणि वेग दुप्पट केला की झटक्यातली ऊर्जा चौपट होते. पट्ट्याच्या मधोमध ओले गोणपाट किंवा जुने ब्लँकेट टाकून ठेवणे आणि पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणाला उभे न राहू देणे, या दोन गोष्टी फुकटच्या आहेत. गाडी फसली की गाव गोळा होते आणि पोरे नेमकी पट्ट्याला लागूनच उभी राहतात. त्यांना धुऱ्यापलीकडे घालवण्यासाठी एक जरबेचा माणूस लागतोच.

आता मागच्या गोळ्याकडे. संचाबरोबर सवलतीत देऊ केलेली, चकचकीत क्रोमच्या गोळ्याची मागची पट्टी मी घेतली नाही. अशा पट्ट्या आपल्याकडे मागून कोणी ठोकले तर डिक्की वाचावी म्हणून सर्रास लावतात. गोळा ट्रेलर ओढण्यासाठी असतो; त्याच्या मानेवर झटक्याचा ताण आला की ती मुळापासून कापली जाते आणि तो गोळा बंदुकीच्या गोळीसारखा निघतो. ऑस्ट्रेलियात अशा प्रकारे माणसे दगावली आहेत आणि तिथे गोळ्याला पट्टा बांधू नये हा गाडी फसणाऱ्यांचा पहिला धडा समजला जातो. मागे चौकोनी नळीचा रिसिव्हर असेल तर गोळ्याची दांडी बाहेर काढून त्या जागी शॅकल बसणारा भरीव पोलादी ठोकळा आडव्या पिनने अडकवता येतो. तो मधोमध असल्याने चासीच्या दोन्ही अंगांना ताण सारखा मिळतो. अर्थात रिसिव्हर स्वतः चासीला कसा बसला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. केवळ बंपरच्या पत्र्याला दोन बोल्टवर लटकवलेला रिसिव्हर आणि गोळा यांत मी फरक करत नाही.

चासी नसलेल्या, एकसंध सांगाड्याच्या गाड्यांना ही जोडी बसतच नाही. अशा गाडीच्या टूलकिटमध्ये आटे असलेली एक कडी मिळते आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून ती आत फिरवून बसवायची असते. ती डांबरी रस्त्यावर बंद पडलेली गाडी हळू टोचन करण्यासाठी आहे. चिखलात मडगार्डपर्यंत गेलेली अशी गाडी ओढायची तर आधी खणणे, मग खणणे, आणि मग हलकी सलग ओढ, एवढाच मार्ग शिल्लक राहतो. झटका देऊ नये.

गार्डला पट्टा बांधणाऱ्यांसाठीही दोन शब्द. समोरचे पाइपचे गार्ड बहुधा बंपरच्या आधारावर असतात आणि ओढायला निरुपयोगी असतात, हा एक भाग झाला. दुसरे म्हणजे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बसवणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचे कळवले आहे आणि कारवाईही सांगितली आहे. बंपरमागे चासीला बसणाऱ्या पॉइंटमुळे गार्ड ठेवायचे ते एक कारणही उरत नाही.

जोडी, बोल्ट आणि नळ्या मिळून जो खर्च आला तो एका चांगल्या टायरच्या किमतीच्या आत बसतो. शॅकल, पट्टा आणि ब्रायडल यांनी तो जवळपास दुप्पट केला. ज्यांना हिशेब सांभाळायचा आहे त्यांनी जोडी आणि शॅकल याच संचातले घ्यावेत, पट्टा आपल्या गाडीच्या वजनाप्रमाणे वेगळा घ्यावा आणि ब्रायडल तीन मीटरपेक्षा आखूड घेऊ नये. उत्पादकाकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे : खोक्यावर पाच टन छापताना तो कार्यभार आहे की तुटण्याचा भार हे त्याच ओळीत लिहावे, आणि बोल्ट-नळ्यांचा संच सुटा विकायला ठेवावा. सध्या एक बोल्ट हरवला तर अख्खी जोडी पुन्हा घ्या असे सांगितले जाते, आणि तसे सांगितल्यावर तालुक्यातला माणूस काय करतो हे वर लिहिलेच आहे.